शुक्रवारी पडणारा डबा

ये, बस असा जवळ. चहा घे. तुला डोंगरातल्या आत-बाशी गावच्या शार्शेनची आणि त्याच्या डब्याची गोष्ट सांगतो. शेवटी तुझ्याकडे एक मागणं आहे, पण आधी ऐकून तर घे.

बुरुल दोलोनचा घाट उतरून बापाच्या दारात आली तीच तणतणत. खांद्याला पिशवी, काखेत लॅपटॉप. बूट काढायच्या आधी म्हणाली, "कुठाय तो?"

"आधी बापाची चौकशी कर," शार्शेन म्हणाला, "मग डब्याची."

बुरुल त्याची थोरली. बिश्केकला एका ऑफिसातले सर्व्हर सांभाळते. भाऊ एर्मेक याकुत्स्कच्या बर्फात, धाकटी चिनारा पार कोरियात. घरचे फोटो, आईची गाणी, सगळं बापाकडच्या जुन्या कॉम्प्युटरवर. बायकोचा आवाज परक्या कंपनीच्या मशीनवर ठेवायला शार्शेन काही तयार नव्हता. म्हणून तीन वर्षांमागे, आई असतानाच, बुरुलने घरचाच व्हीपीएन उभा केला. म्हणजे पोरांच्या फोनपासून घरच्या कॉम्प्युटरपर्यंत आपली अशी खाजगी वाट. त्या वाटेवर कोण आपला नि कोण परका हे ठरवायला एक सर्व्हर, आणि तो त्याच कॉम्प्युटरच्या पोटात एका कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या डब्यात, बसवलेला. तो घरच्यांना पास देतो, एकमेकांशी गाठ घालतो आणि बाजूला होतो. पासाची मुदत सरली की नवा घ्यायचा. मुदत बुरुलने सेटिंगच्या फाइलमध्ये आपल्या हाताने लिहिली होती, एकशे ऐंशी दिवस.

हे समजावलं तेव्हा शार्शेन हसला. चाळीस वर्षं त्याने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दोऱ्या खुपसून लोकांच्या गाठी घालून दिल्या होत्या. "म्हणजे हा डबा मीच की," म्हणाला. फाइल कशी उघडायची, डबा बंद करून परत कसा चालू करायचा, तेही पोरीने एकदा दाखवलं. त्याने चौकटीच्या वहीत सगळं उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, की डोक्यात काही राहिलं नाही बुवा. नवा पास तेवढा वाचून दाखवीन.

दोन वर्षं डबा याकासारखा मुकाट चालला. मग थंडीत आई गेली. बर्फ वितळलं आणि डबा दर शुक्रवारी पडायला लागला. तिघांचे फोन एकदम वाटेबाहेर. मग एकेकाने बापाला फोन करायचा. बापाने चष्मा लावायचा आणि पासाची लांबलचक अक्षरं एक-एक करून वाचायची. दोन अक्षरं झाली की विचारायचं, जेवलीस का. आणखी दोन झाली की, तिकडे थंडी किती. एक पास वाचायला तास जायचा.

एर्मेक म्हणे विजेचा दोष. चिनारा म्हणे मांजराचा, कारण ते ऊबेला कॉम्प्युटरवरच झोपतं. बुरुलने बिश्केकहून चार वेळा कंटेनर काढून फेकला, नवा बसवला. शुक्रवार उजाडला की पुन्हा तेच. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईचा घरचाच सर्व्हर पडतो, असं एर्मेक याकुत्स्कभर सांगत सुटला. शेवटी तिघांचं ठरलं. या खेपेला दोष सापडला नाही तर डबा कायमचा बंद, सगळं एका कंपनीकडे. तिथे पास संपायची भानगड नाही, कुणाला विचारायला नको. शार्शेनला कळवलं तर म्हणाला, तुमचं तुम्ही बघा. त्या दिवशी तो जेवला नाही.

दोन दिवस बुरुल डब्याशी झगडली. वायरी तपासल्या, डिस्क तपासली, मांजराला तीनदा हाकललं. बाप तळलेल्या बोरसोकची ताटली घेऊन शेजारी बसून राहिला.

"दुरुस्त झाला की परत पडायचा नाही?"

"कधीच नाही."

"बरं," म्हणाला आणि कपातला चहा न पिताच उठला.

तिसरा दिवस शुक्रवार. शार्शेनने सकाळीच दाढी केली, धुतलेला सदरा घातला, खुर्ची फोनजवळ ओढली, चष्मा पुसून वहीवर ठेवला. मग गाईला पाणी दाखवायला गेला. इकडे बुरुलच्या मनात आलं, कंटेनर आपण चारदा बदलला, पण सेटिंगची फाइल त्याच्या बाहेर असते. ती तर पहिलीच आहे. आपण स्वतः लिहिलेली, म्हणून कधी बघितलीच नाही.

तिने उघडली. बराच वेळ बघत बसली. मग दोन-चार बटणं दाबली, डबा बंद केला, परत चालू केला. एर्मेकला आणि चिनाराला फोन लावून हळू आवाजात काहीबाही बोलली.

बाप बादली घेऊन आला. दारातच थांबला.

"सापडलं?"

"सापडलं."

त्याने बादली खाली ठेवली. "झाला म्हणायचा दुरुस्त."

"नाही बाबा. त्याला इलाज नाही. आता तर दर तीन दिवसांनी पडेल."

शार्शेनने मांजराकडे बघितलं. "आणि ती कंपनी?"

"एर्मेक म्हणतो, नको कंपनी. चिनाराही तेच म्हणते. पडला की करू फोन."

म्हातारा खुर्चीत बसला. जरा वेळ गुडघे चोळत राहिला. मग म्हणाला, "तुझंच काम ते, असंच व्हायचं. चाळीस वर्षांत माझं एक्स्चेंज एकदा पडलं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. एर्मेक होता. बापाने चष्मा चढवला, वही उघडली. "हं, घे लिहून. पहिलं अक्षर... थांब, आधी सांग, जेवलास का?"

आता माझं मागणं. पुढच्या महिन्यात तू आत-बाशीला चाललायस. शार्शेनकडे जरूर जा, चहा घे, मांजराला शिव्या घाल. फक्त त्याला एवढं सांगू नकोस बाबा, की मुदतीचे एकशे ऐंशी दिवस खोडून त्याने तिथे लिहिलेला सातचा आकडा पोरीने पाहिला होता, आणि सात खोडून तिने तीन केले.