विहीर पुजताना

बाळ सव्वा महिन्याचं झालं, तशा सासूबाई मला रीतीप्रमाणे विहीर पुजायला घेऊन गेल्या. हळदकुंकू वाहताना त्या थबकल्या. पाण्यातून बारीक बुडबुडे वर येत होते.

"तिकडे गॅससाठी खडक फोडायला लागल्यापासून आपली विहीर अशी खदखदतेय," त्या म्हणाल्या.

"आई, ते फोडतात पार खाली, आपल्या झऱ्यापासून खूप दूर," आमच्यासोबत आलेले हे म्हणाले. ह्यांची नोकरी त्याच गॅस कंपनीत. "आणि कंपनीने रस्ता केला नसता, तर हिच्या बाळंतपणाला अ‍ॅम्ब्युलन्स दारात आली असती का? ही दोघं आज दिसली असती का?"

ते खरंच होतं. सासूबाईंनी द्रोणात दिवा लावला आणि तो पाण्यात सोडायला पायऱ्या उतरू लागल्या.

ह्यांनी झेप घेतली आणि फुंकर मारून दिवा विझवला.

"शुभकार्यात दिवा विझवतोस?" सासूबाई किंचाळल्या.

ह्यांनी बुडबुड्यांवरची नजर न काढता त्यांना पायऱ्यांवरून मागे ओढलं. मी बाळाला छातीशी घट्ट धरलं. विहीर पुजेपर्यंत बाळंतिणीने पाणी शेंदायचं नसतं. सव्वा महिना बाळाच्या अंघोळीचं पाणी ह्यांनीच ह्याच विहिरीतून शेंदून दिलं होतं.