शेजारची किल्ली

सूटवाल्याने फटीतून सरकारी ओळखपत्र दाखवलं तरी म्हाताऱ्या झेनेबेचने दाराची साखळी काढली नाही. “शेजारच्या मेक्लितला ओळखता?” “कशाला?” “राष्ट्रीय सुरक्षेच्या संशोधनासाठी तिने अर्ज केलाय. उन्हाळाभर वाचन-अभ्यासाचं पगारी काम आहे. त्याचीच चौकशी.” “पोरीबाळींना पुस्तकं वाचायला पगार देतात? कुणाला बनवतोस?” तो गोड हसला. अमेरिकेत येण्यापूर्वी, मायदेशी अदिस अबाबात, असाच एक गोडबोल्या तिच्या भावाची चौकशी करायला आला होता. तिने सगळं खरं सांगितलं. भाऊ पुन्हा दिसला नाही. शालीच्या टोकाला बांधलेली मेक्लितच्या घराची किल्ली तिने मुठीत लपवली. “कोण मेक्लित? मी नाही ओळखत.” संध्याकाळी मेक्लित धावत आली. “आजी, चौकशीवाला येऊन गेला? मला लहानपणापासून ओळखणारी म्हणून अर्जात तुझंच नाव दिलंय!” झेनेबेचने तिला थोपटलं. “घाबरू नकोस, पोरी. या वेळी मी तोंड उघडलं नाही.”