हिलालभाऊंची पापणी

"हलायचं नाही," एवढंच हिलालभाऊंना नीट ऐकू आलं होतं. आणि ते अजिबात हलत नव्हते.

गोडादऱ्याच्या आरोग्य केंद्रात टेबलापलीकडच्या ऑपरेटर बेनने मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला होता. स्क्रीनवर एक गोल, गोलात हिलालभाऊ. गोल हिरवा झाला की आयुष्मान कार्ड निघणार. कार्ड निघालं की शुक्रवारी हर्नियाचं ऑपरेशन, तेही फुकट! त्यासाठी एकदा डोळे मिटून उघडायचे, बस. मोबाईल हिंदीतून तेच तेच सांगत होता. हिलालभाऊ टक लावून त्याच्याकडे बघत होते, आणि गोल लालच्या लाल.

"काका, फोटो नथी पडाववानो! आंख पटपटावो!"

"ओ धनश्रीना पप्पा," मंगलाबाई मागून ओरडल्या, "डोया मिटा ना!"

"मी तं हालनू बी नही!" हिलालभाऊ म्हणाले. पुन्हा लाल.

कडोदऱ्याच्या कारखान्याने चार महिन्यांपूर्वी कापड विणायचे जुने लूम भंगारात काढले, आणि लूमवरचे कारागीर घरी पाठवले. पगार गेला, त्याच्याबरोबर कारखान्याचा विमाही गेला. एक पॉलिसीवाला घरी आला, दोन कप चहा प्यायला आणि उठताना म्हणाला, आधीपासूनच्या हर्नियाला विमा मिळायला दोन वर्षं थांबावं लागेल. आता हे त्या हर्नियाला कोण सांगणार?

मग अकरावीतल्या धनश्रीनेच सगळं शोधून काढलं. कुठला फॉर्म, कुठला दाखला, कुठली खिडकी. ज्या साहेबाशी बोलायला पप्पा घाबरत होते, त्याच्याशी ती फाडफाड गुजरातीत बोलून आली. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार, सगळं फाईलमध्ये नंबर टाकून लावलं. कुठेच अडकलं नाही. अडकलं ते अंगठ्यापाशी. पंचवीस वर्षं तुटलेल्या धाग्यांना गाठी मारून मारून हिलालभाऊंचा अंगठा काचेसारखा गुळगुळीत झाला होता. मशीनने तीनदा विचार केला आणि ओळखत नाही म्हणून सांगितलं. म्हणून आता चेहरा.

आणि चेहऱ्याची ही तऱ्हा! बारा लूमवर एकट्याने नजर ठेवणारा माणूस. पापणी लवली तेवढ्यात धागा तुटला, तर कापड वाया. त्यांना डोळे उघडे ठेवायची सवय होती, मिटायची नाही. कानही त्या खडखडाटात अर्धे गेलेले.

"हिलालभाऊ, मोबाईलला घाबरवता का काय?" रांगेत मागे उभा असलेला भटू म्हणाला. तोही त्याच कारखान्यातला. "शेठवर असे डोळे काढले असते तर नोकरी नसती गेली!"

अख्खी रांग हसली. रांग म्हणजे तरी कोण? सगळे लूमवालेच.

ऑपरेटर बेन मात्र हसली नाही. "छेल्ली वार," ती म्हणाली. ही शेवटची वेळ. यानंतर नाव या आठवड्यापुरतं बंद होणार, मग यायचं सोमवारी.

सोमवार! शुक्रवारची तारीख मिळवायला धनश्री हॉस्पिटलात तीन तास उभी राहिली होती. मंगलाबाईंनी पदर तोंडाला लावला. धनश्रीने एकदा पप्पांकडे बघितलं, दप्तर सावरलं आणि सरळ टेबलाला वळसा घालून ऑपरेटर बेनच्या मागे, बरोबर मोबाईलच्या वर तोंड दिसेल अशी जाऊन उभी राहिली.

लूमच्या कारखान्यात बोललेलं ऐकू येत नाही. तिथे सगळे हातांनी आणि डोळ्यांनी बोलतात. लहानपणी सुट्टीत पप्पांबरोबर जाऊन जाऊन ती भाषा धनश्रीला पाठ झाली होती. तिने नसलेल्या मिशीला पीळ दिला. म्हणजे शेठ. मग तळहात झटकला. म्हणजे गेला. आणि मग दोन्ही डोळे घट्ट मिटून उघडले. म्हणजे, चला चहाला! समोरच्यानेही तसेच डोळे मिटून उघडायचे, तेव्हाच त्याला कळलं असं धरतात. पंचवीस वर्षांत हिलालभाऊंनी असं उत्तर द्यायचं कधी चुकवलं नव्हतं.

त्यांनी डोळे मिटले. उघडले.

गोल हिरवागार!

रांगेतून अशी आरोळी उठली की आतले डॉक्टर बाहेर डोकावले. प्रिंटरमधून कार्ड बाहेर येईपर्यंत मंगलाबाई त्याच्यासमोरून हलल्या नाहीत. बाहेर आलं तेव्हा त्यांनी आधी धनश्रीच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला जवळ ओढलं.

"आवो, बीजा काका!" ऑपरेटर बेनने हाक मारली. भटू ऐटीत येऊन खुर्चीवर बसला. मोबाईल समोर आला, आणि मघाशी एवढं बोलणारा भटू डोळे वटारून दगड झाला. लाल.

ऑपरेटर बेनने मागे वळून धनश्रीकडे बघितलं. "बेन, तू क्यां जाय छे?"

"शाळेत. बारा वाजता."

"तू जाय शाळेला," हिलालभाऊ म्हणाले. त्यांनी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं, भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि ऑपरेटर बेनच्या मागे मांडून त्यावर बसले. आधी भटूकडे बघितलं, मग त्याच्या मागच्या तीस-चाळीस जणांवरून सावकाश नजर फिरवली. चार महिन्यांत त्यांची पाठ एवढी ताठ कुणी पाहिली नव्हती.

मंगलाबाई दारापर्यंत गेल्या आणि तिथून मागे वळल्या. हिलालभाऊंना ऐकू जावं म्हणून त्या मोठ्याने ओरडल्या, "मंग दुपारले डबा इथंच लई येऊ का?"