पोकळीतली खरखर

क्ष-किरणांच्या चित्रात दीर्घिकासमूहाच्या तापलेल्या वायूत दोन पोकळ्या दिसत होत्या. तिथून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी मृदुला दुर्बिणीनं टिपत होती, तेवढ्यात भर दुपारी पडद्यावर खरखर उमटली.

"मॅडम, गावातलं कुणाचं तरी यंत्र बोंबलतंय," तंत्रज्ञ गुंजाळ म्हणाला.

"या लोकांना आवाज केल्याशिवाय अन्न पचत नाही. दाबून टाका."

दुर्बिणीभोवतालच्या पन्नास गावांच्या तोंडावर हात ठेवायचा अधिकार कायद्यानं तिला दिला होता. गुंजाळनं कळ दाबली, गावांतली सगळी बिनतारी यंत्रं मुकी झाली आणि लहरींचा नकाशा स्वच्छ आला.

संध्याकाळी तिचा भाऊ गावाहून सायकल हाणत आला. "ताई, आपले अण्णा गेले. छातीतलं यंत्र दुपारी दवाखान्याला हाका मारत होतं. एकही पोचली नाही."

"आपण कधी दाबलं?" तिनं गुंजाळला विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेव्हाच, मॅडम."