सुरुवात माझ्यापासून

शनिवारी सकाळी अकरा वाजता सुंदररावांनी घड्याळाचं मागचं झाकण उघडायची किल्ली टेबलावर आपटली.

"आज सगळ्यांची उघडायची," ते म्हणाले. "सबबी पुरे झाल्या."

टेबल म्हणजे मोसंबीचे उलटे ठेवलेले क्रेट. जागा, बीडमधल्या शफीच्या फळांच्या गोदामाचा माळा. घड्याळं जमवणाऱ्यांच्या मंडळाची बैठक इथंच भरायची. सभासद चार. सुंदरराव पाटोद्याचे निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळाचे अध्यक्ष. शफी फळांचा व्यापारी. विजयसिंह पालीचा बागायतदार. रोहिणी दातांची डॉक्टर.

पुढच्या महिन्यात मंडळाचं पहिलं प्रदर्शन होतं. आणि तीन बैठका झाल्या, तरी घड्याळं तपासून झाली नव्हती. एकदा शफीचं गिऱ्हाईक आलं, एकदा रोहिणीचा पेशंट. एकदा विजयसिंहाचं पोट दुखलं.

"पाटोद्याच्या बाजारात एकानं मला तोंडावर सांगितलं," सुंदरराव म्हणाले. "म्हणे, मास्तर, तुमच्या मंडळात एक घड्याळ नकली आहे. बत्तीस वर्षं कॉप्या पकडल्या मी. आणि मला हे ऐकावं लागतं!"

शफीनं विजयसिंहाकडं रोखून पाहिलं. विजयसिंह एक मोसंबी हातात घेऊन दाबून बघू लागला.

मंडळाचा नियम सुंदररावांनीच केलेला होता. नामांकित घड्याळाची घडण उचलली, पण डायलवर नाव स्वतःचं घातलं, तर ते 'होमेज'. ते चालेल. रोहिणीकडं तसं एक होतं, आणि तिनं ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्याचं नाव छापलं तर ती नक्कल. नक्कल सापडली की सभासद बाहेर.

"मास्तर, मला एक कळत न्हाई," विजयसिंह म्हणाला. "डिझाईन चोरलं तर चालतंय, आन नाव चोरलं तर न्हाई. ह्यो कुठला न्याय?"

"होमेजवाला आपण कोण ते सांगतो. नकलेवाला लपवतो. फरक एवढाच आहे, आणि पुरेसा आहे."

"आन घालणाऱ्यालाच ठाऊक नसलं तर?"

"तर त्यानं तपासून घ्यावं. अडाणीपणाला सूट नाही."

"सर, चहा घेऊ आधी," रोहिणी म्हणाली.

"चहा नको!" सुंदररावांचा आवाज चढला. "काय लपवताय तुम्ही? कुणाला वाटायला नको, अध्यक्ष स्वतःला सोडून दुसऱ्यांना तपासतो. सुरुवात माझ्यापासून."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ उतरवलं. स्विस बनावटीचं. ते निवृत्त झाले त्या दिवशी शिवशंकरनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, जर्मनीहून पाठवलेलं. एकदा शफीनं पट्टा बदलून दिला तेवढा सोडला, तर अंघोळीपुरतंच ते हातावरून उतरायचं. त्यांनी ते पालथं धरलं, किल्ली लावली. किल्ली सटकली. त्यांनी पुन्हा लावली.

"ठहरो मास्तर," शफी म्हणाला. "उघडू नका. नकली माझं हाय."

सुंदररावांनी मान वर केली.

"तुझं? हैदराबादच्या मामूंनी दिलेलं?"

"मामूंनी न्हाई दिलं. मीच घेतलं, बाजारातनं. माफ करा."

सुंदररावांनी किल्ली खाली ठेवली. मग म्हणाले, "तू, शफी. तुझ्यासाठी मी शपथ घेतली असती." त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा किल्ली उचलली. "ठीक. आता उरलेली तरी उघडू."

"माझंबी खोटंच हाय," विजयसिंह घाईनं बोलला.

"आजोबांचं ना ते?"

"आजाचं कुठलं! आमचा आजा सूर्याकडं बघून शेतावर जायचा."

"सर," रोहिणी खाली बघत म्हणाली, "माझंही. होमेज नाही, नक्कल."

सुंदररावांनी किल्ली क्रेटवर फेकली. ती घरंगळत खाली गेली. कुणी उचलली नाही.

"म्हणजे सगळेच! मी इतकी वर्षं चोरांच्या टोळीचा अध्यक्ष होतो!" त्यांनी घड्याळ रुमालात गुंडाळून खिशात घातलं. "तुमच्यासमोर उघडायचीही लाज वाटते मला. आत्ता संभाजीनगरला जातो. कंपनीचं केंद्र आहे तिथं. त्यांच्याकडून तपासून दाखला घेतो. प्रदर्शन होणार. एकाच घड्याळाचं होईल. शेजारी दाखला, आणि खाली माझ्या मुलाचं नाव."

"मास्तर, सोमवारी जाऊ की. माझी गाडी हाय," विजयसिंह म्हणाला.

"खोट्या माणसाच्या गाडीत बसत नाही मी."

ते जिना उतरून गेले. रोहिणी खाली धावली, तोवर त्यांची रिक्षा बसस्थानकाच्या रस्त्याला लागली होती.

विजयसिंहानं मनगटावरच्या घड्याळाला चावी दिली आणि ते कपाळाला लावलं. "आजाचं घड्याळ. त्यानं वर बसून ऐकलं आसल."

"बाजारात तोंड कशाला उघडलं बे तू?" शफी म्हणाला.

"चुकलं. लाव आता फोन."

शफीनं फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडं जर्मनीत नुकतंच उजाडलं होतं.

"शफीकाका, पुन्हा तेच?" शिवशंकर वैतागून म्हणाला. "पट्टा बदलताना तुम्ही झाकण उघडलंत, तेव्हाच सांगितलं होतं ना? बाबांना काय कळतंय असली-नकलीतलं?"

विजयसिंहाची गाडी तिघांना घेऊन वाटेतल्या गेवराईला पोचली, तेव्हा सुंदररावांची बस तिथून सुटली होती.