तरवडाचा चहा

“आज लई तुरट झालाय,” द्वारकाबाई म्हणाली आणि अर्धी वाटी खाली ठेवली.

“पिऊन टाका, आत्याबाई. उद्या मुंग्या बघायच्यात,” चतुराबाई म्हणाली.

सासूनं नाक मुरडलं, पण वाटी पुन्हा उचलली.

तरवडाची पिवळी फुलं चतुराबाई स्वतः बरड माळावरून तोडून आणायची, सावलीत वाळवायची आणि कुटून डब्यात भरायची. लढाईमुळे बाजारात चहापत्ती मिळेनाशी झाली, तेव्हापासून घरात हाच चहा होता. बिनदुधाचा, तांबूस. रात्री प्यायला तरी झोप मोडत नसे. गाळून राहिलेला चोथा ती द्वारकाबाईच्या अंगाला चोळायची, त्यानं खाज थांबायची. उरलेल्या काढ्यानं शेजारची झुंबरबाई नातवाचं घामोळं धुवायची.

पण हे सगळं वरचं झालं. द्वारकाबाईला गोड लघवीचा आजार होता, आणि त्यावर तरवडासारखं दुसरं औषध नाही, असं अंबडच्या हकिमानं सांगितलं होतं.

उतार पडला की नाही, हे बघायची रीतही त्यानंच सांगितली. पहाटेची पहिली लघवी मातीच्या बोळक्यात धरायची आणि परसातल्या सपाट दगडावर ओतायची. मुंग्या लागल्या तर आजार आहे. नाही लागल्या तर उतार आहे.

मागच्या अमावस्येला मुंग्या लागल्या होत्या. त्या दिवसापासून द्वारकाबाईच्या मुलानं, भुजंगनं, गूळ कुलपात ठेवला, आईची भाकरी निम्मी केली आणि टेंभुर्णीचं नाव काढायचं नाही असं बजावलं. टेंभुर्णीत द्वारकाबाईची लेक आसराबाई नांदत होती. किती नवस करून तिला पहिला मुलगा झाला होता. परवाच्या दिवशी त्याचं बारसं होणार होतं.

“मुंग्या न्हाई लागल्या तर उद्याच गाडी जुंपतो,” भुजंग म्हणाला. “लागल्या तर बिलकुल न्हाई. सांडूकाका ह्याच आजारानं असाच वाटंत गेला. तुला कायी झालं तर मी कोणाला तोंड दाखवू?”

“मरायचंच हाय तर नातू बघून मरते की,” द्वारकाबाई म्हणाली. “न बघता मरून काय बक्षीस मिळणार हाय?”

भुजंग उठून गेला. द्वारकाबाईनं उशाखालून लाल कुंची काढली. नातवासाठी स्वतः शिवलेली. तिची नाडी बोटाला गुंडाळत ती बसून राहिली. जरा वेळानं तिचे खांदे हलायला लागले.

चतुराबाईनं माठातून तांब्या भरला, एका दमात रिकामा केला, पुन्हा भरला. सासूच्या आजारपणात ती फार वाळली होती. चोळी खांद्यावरून ओघळायची. फुलं तोडताना पायात बोरीचा काटा मोडला होता, ती जखमही अजून ओली होती. रात्री ती वरचेवर उठायची आणि उठलीच आहे तर सासूचं पांघरूण सारखं करायची.

“तू बी घे की गं वाटीभर,” डोळे पुसत द्वारकाबाई म्हणाली. “कशी काडी होऊन राह्यली.”

“फुलं सरत आलीत. तुम्हाला पुरू द्या आधी.”

“चतुरे, लागतील का गं मुंग्या?”

“न्हाई लागणार.”

“का गं? मुंग्यायनी सांगावा धाडलाय का तुला?”

“न्हाई लागणार म्हणते ना, आत्याबाई. लुगडं कोणतं नेसायचं ते काढून ठेवा.”

सकाळी ऊन परसात उतरलं तेव्हा द्वारकाबाई नवं लुगडं नेसून मागच्या उंबऱ्याशी बसली होती. मांडीवर गाठोडं होतं. भुजंगनं बैलांना पाणी दाखवलं होतं, पण गाडीला हात लावला नव्हता.

मोरीतलं बोळकं चतुराबाईनं आणलं आणि दगडावर ओतलं. दगड ओला झाला. तिघंही वाट बघत राहिली.

झुंबरबाईनं गडग्यावरून डोकं काढलं. “काय, भरला का दरबार?”

“तुम्ही जा बरं, काकी,” भुजंग म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

दगडाची कड वाळायला लागली. मुंग्यांचा पत्ता नव्हता.

“जुंपा गाडी,” चतुराबाई म्हणाली. “जल्दी निघालात तर ऊन चढायच्या आत बरंच अंतर तुटंल.”

“थांब जरा.”

“कशाला थांबायचं? दिसतंय की बराबर.”

भुजंग वळला. तेवढ्यात भिंतीच्या फटीतून एक मुंगी निघाली. दगडावर चढली, ओल्या डागाच्या कडेनं फिरली आणि आली तशी परत गेली.

“एकटीच हाय,” चतुराबाई म्हणाली. “चुकून आल्ती.”

मग फटीतून दुसरी आली. तिच्यामागं तिसरी. बघता बघता भिंतीपासून दगडापर्यंत काळी रेघ उमटली आणि डागाची कड दाट होत गेली.

भुजंग दगडाजवळ वाकला.

“मागच्या बारीला इतक्या नव्हत्या,” तो हळू आवाजात म्हणाला. “आता कायी खरं न्हाई. एवढा तरवड पाजला, गूळ बंद केला, समदं वाया गेलं.”

“भुजंगा,” उंबऱ्यावरून द्वारकाबाईनं हाक मारली. तिला तिथून दगड नीट दिसत नव्हता. “जुंपू राह्यला का रे गाडी?”

“तूच सांग तिला,” भुजंग बायकोला म्हणाला. “माझ्यानं न्हाई होणार.”

चतुराबाई जागची हलली नाही. रिकामं बोळकं हातात धरून ती त्या रेघेकडे बघत राहिली. सासूची लघवी तिनं पहाटेच उकिरड्यावर ओतून दिली होती. दगडावर होती ती तिची स्वतःची.