बारवेच्या काठावर

शिवकन्या तापानं गेली तेव्हा तिच्या आवडत्या जादुई कादंबरीमालेचा शेवटचा भाग यायचा होता. आधीच्या भागाअखेर नायिका बारवेतून पाताळात उतरली होती आणि तिची आई काठावर उभी होती. एकुलती लेक गेल्यावर शांतादेवींनी घरच्या दुकानात बसून सगळे भाग वाचले. मग त्याही अंबाजोगाईच्या पुस्तकवाल्याला सारखं विचारू लागल्या, “आलं का?” आज मन्मथप्पांनी पुस्तक आणून बायकोच्या हातात ठेवलं. शांतादेवींनी ते उघडलं नाही. “वाच की,” मन्मथप्पा म्हणाले. “पोरगी वर येती का बघ.” “नगं. मी वाचत न्हाई तवर ती यायचीच हाय.” मन्मथप्पांनी मान खाली घातली. “म्या वाटेत शेवटचं पान बघितलंय.” “सांगू नका!” शांतादेवी ओरडल्या आणि त्यांच्या तोंडाकडं न बघताच स्वयंपाकघरात गेल्या. जेवायला त्यांनी तीन ताटं वाढली. मन्मथप्पांनी तिसरं उचललं नाही.